सहा इंचांचे पहिले पाऊल : ओहायोतील एका लाइनमन शिबिराचे परीक्षण

यंदाच्या जून महिन्यात आम्ही आमच्या मुलाला कोलंबस शहराच्या उत्तरेकडील एका उपनगरात भरलेल्या तीन दिवसांच्या लाइनमन शिबिरात, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये पुढच्या रांगेत समोरासमोर भिडणाऱ्या खेळाडूंच्या शिबिरात, घातले होते. शुल्क २२५ डॉलर होते, वेळ सकाळी साडेआठ ते साडेबारा अशी होती, आणि नववीत जाणाऱ्यांपासून बारावीत जाणाऱ्यांपर्यंत सर्व मुलांना प्रवेश होता. शिबिराचे नाव मी येथे देत नाही. पुढे काही तक्रारी येणार आहेत. त्या मी चालकांना पत्राने कळवल्या आहेत आणि त्यांनी त्या नीट ऐकूनही घेतल्या आहेत. शिवाय अशी शिबिरे उन्हाळ्यात ठिकठिकाणी भरतात, तेव्हा नावापेक्षा तेथे काय आणि कसे शिकवले जाते हेच इतर पालकांच्या अधिक उपयोगाचे आहे. तिन्ही दिवस मी वही घेऊन मैदानाच्या कडेला बाकांवर बसले होते. सांगलीहून आलेले माझे वडील अण्णा, ज्यांनी तरुणपणी बारा वर्षे तालमीत घालवली, तेही माझ्याबरोबर होते, आणि या परीक्षणातली काही निरीक्षणे मुळात त्यांची आहेत.

आपल्या बहुतेक घरांत अमेरिकन फुटबॉल पाहिला जातो तो चेंडूवर डोळे लावून. मुलगा शाळेच्या संघात जातो, प्रशिक्षक त्याची रुंद चण पाहून त्याला लाइनमध्ये उभा करतात, आणि मग आपल्या लक्षात येते की इतकी वर्षे आपण अर्धाच खेळ पाहत होतो. आक्रमण करणाऱ्या संघाच्या मधल्या पाच खेळाडूंत एक सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना दोन गार्ड आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूला दोन टॅकल असतात. सेंटर चेंडू मागे देतो तेवढाच काय तो त्यांचा चेंडूशी संबंध. पुढे फेकलेला पास झेलण्याचा अधिकारही त्यांना साधारणपणे नसतो. समोरच्या माणसाला जागेवरून हलवायचे किंवा त्याला आपल्या जागेत शिरू द्यायचे नाही, एवढेच त्यांचे काम असते, आणि बहुतेक खेळ्यांचा निकाल पहिल्या एक-दोन सेकंदांत त्यांच्यापाशीच लागतो.

आमचा मुलगा नववीच्या संघात उजवा गार्ड होता. उंची पाच फूट अकरा इंच, वजन १७८ पौंड. हंगामभर तो मागे ढकलला गेला, आणि घरात आम्ही सगळे असेच धरून चाललो होतो की त्याचे वजन कमी पडते. पहिल्याच सकाळी हा समज चुकीचा ठरला, आणि माझ्या दृष्टीने शुल्काचा मोठा भाग तेथेच वसूल झाला.

त्या सकाळी कोणी कोणाला धडकले नाही. सुमारे ऐंशी मुले आणि आठ प्रशिक्षक होते. मुख्य प्रशिक्षक साठी ओलांडलेले, आयुष्यभर शाळकरी मुलांना लाइनचा खेळ शिकवलेले गृहस्थ होते. त्यांनी सुरुवातीची पन्नास मिनिटे केवळ पवित्र्यावर घालवली. दोन पाय आणि एक हात जमिनीवर टेकून घेतलेला हा पवित्रा दूरदर्शनवर अगदी सोपा दिसतो. पाय खांद्यांइतके रुंद, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा किंचित मागे, पाठ सपाट, खुबे गुडघ्यांच्या वर पण फार उंच नाहीत, नजर समोर, आणि टेकलेल्या हातावर अगदी बेताचा भार, असे त्याचे वर्णन करता येईल. खरी परीक्षा त्यानंतर होती. प्रशिक्षक रांगेतून फिरत आणि मध्येच एखाद्याला म्हणत, ‘हात उचल.’ हात उचलताच मुलगा पुढे कोलमडला तर भार फार पुढे आहे, आणि टाचांवर मागे बसला तर फार मागे आहे. लाइनमनला त्याच एका पवित्र्यातून कधी पुढे, कधी आडवे, कधी मागे जायचे असते, त्यामुळे भार कोणत्याही एका दिशेला कललेला चालत नाही. यामागे आणखी एक कारण त्यांनी सांगितले, ते मला फार पटले. चेंडू घेऊन धावण्याची खेळी असली की नवखा खेळाडू नकळत हातावर जोर देतो, त्याच्या बोटांची पेरे पांढरी पडतात, आणि समोर बसलेला जाणता बचावपटू ती पेरे पाहूनच ओळखतो की हा आता पुढे येणार.

आमच्या मुलाचा पवित्रा मला तर निर्दोष वाटत होता. अण्णा मात्र पुढे झुकून पाहत होते. ‘टाचा बघ त्याच्या,’ ते मला म्हणाले, ‘उचललेल्या आहेत. असा गडी पहिल्या हिसक्याला तोंडावर येतो.’ दोनच मिनिटांनी मुख्य प्रशिक्षक त्याच्यापाशी थांबले, खाली बसले, त्याच्या डाव्या बुटाच्या टाचेखाली त्यांनी आपली दोन बोटे सरकवली, आणि ती बोटे दाबली जाईपर्यंत टाच खाली आण असे त्याला सांगितले. टाच खाली गेली तसे त्याचे खुबे खाली आले, पाठ सरळ झाली आणि सबंध शरीर जणू जमिनीत रुतून बसले. वर्षभर त्याला ‘खाली राहा, खाली राहा’ असे सांगितले जात होते, आणि तो दरवेळी कंबरेतून वाकत होता. खाली राहणे म्हणजे घोटा, गुडघा आणि खुबा दुमडणे, हे त्याला बोटांच्या त्या स्पर्शाने कळले.

त्यानंतर पहिले पाऊल. गवतावर पांढऱ्या रंगाच्या जोडरेघा मारल्या होत्या आणि त्यांच्यामधले अंतर सहा इंच होते. पहिले पाऊल त्या सहा इंचांत पडले पाहिजे, असा दंडक होता. तरुण मुलाला जोरात जा म्हटले की तो ढांग टाकतो, आणि ढांग टाकणारा काही क्षण एकाच पायावर तरंगत असतो. नेमक्या त्या क्षणी समोरचा येऊन आदळला तर वजन कितीही असले तरी मागे जाण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून पहिले पाऊल आखूड, दुसरे त्याहून चपळ, आणि दुसरे पाऊल जमिनीला लागल्यावरच धडक, असा क्रम असतो. समोर एकजण फोमची ढाल धरून उभा, प्रशिक्षकांच्या तोंडी ‘एक, दोन, हात’ असा ठेका, आणि मुले पुन्हा पुन्हा तेच करत होती. पाऊण तास हा एकच सराव चालला. बाकांवरचे काही पालक कंटाळले, त्यांची कुजबुज माझ्या कानांवर येत होती. माझे मत त्यांच्या उलट आहे. संपूर्ण शिबिरातला सर्वांत मोलाचा पाऊण तास हाच होता, कारण शाळेच्या हंगामात पाच प्रकारच्या खेळ्या पाठ करून घेण्याच्या गडबडीत या दोन पावलांसाठी कोणाकडेही वेळ नसतो.

हातांचे शिक्षणही तितकेच काटेकोर होते. अंगठे वर, कोपरे बरगड्यांशी, आणि तळहाताचा मनगटाकडचा भाग समोरच्याच्या छातीवर खालून वर असा मारायचा. कोपरे बाहेर फाकली की दोन नुकसाने होतात: जोर फक्त खांद्यांतून येतो, आणि हात घसरून समोरच्याच्या खांद्याबाहेर जातात. तेथे जर्सी मुठीत आली की पंचांचे पिवळे फडके पडते आणि संघाला दहा यार्डांचा भुर्दंड बसतो. हात आत ठेवणारा समोरच्याला चालवतो आणि बाहेर ठेवणारा त्याला लोंबकळतो, हे प्रशिक्षकांनी दोन मुलांना पुढे घेऊन करून दाखवले. हाताचा असा उघडा वापर फार जुना नाही, ही माहितीही त्यांनी ओघात दिली. एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेत पास वाचवणाऱ्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपर्यंत बचावपटूंना पोहोचू न देणाऱ्या, लाइनमनला हात लांब करून उघड्या तळव्याने अडवण्याची मुभा १९७८ साली मिळाली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७७ मध्ये, बचावपटूने समोरच्याच्या हेल्मेटवर थप्पड मारण्यावर बंदी आली होती. बचावपटू डीकन जोन्स यांनी ती थप्पड गाजवली होती. आज आपण ज्याला लाइनमनचे तंत्र म्हणतो त्याचा बराच भाग या दोन नियमांनंतर घडलेला आहे.

येथे एक प्रसंग नोंदवणे मला आवश्यक वाटते. दुसऱ्या दिवशी एका गटाला शिकवणारे तरुण साहाय्यक मुलांना सांगत होते की हेल्मेटची जाळी समोरच्याच्या छातीच्या आकड्यांवर आधी नेऊन आदळा. एके काळी असेच शिकवले जात असे. परंतु १९७६ साली अमेरिकेतील महाविद्यालयीन आणि शालेय फुटबॉलच्या नियमांत बदल करून डोके किंवा चेहरा पुढे घालून पहिली धडक देण्यावर बंदी घातली गेली, आणि त्यानंतर मानेच्या मणक्याच्या गंभीर दुखापती ठळकपणे कमी झाल्या. मुख्य प्रशिक्षकांनी ते वाक्य पलीकडच्या गटातून ऐकले, शिट्टी वाजवून सराव थांबवला, आणि सर्व मुलांना पुन्हा सांगितले की आधी हात पोहोचले पाहिजेत, डोके मागे आणि नजर वर राहिली पाहिजे. त्यांनी साहाय्यकाचा पाणउतारा केला नाही, पण चूक तशीच जाऊही दिली नाही. ज्या शिबिरात ही चूक तीन दिवस कोणाच्या लक्षात येणार नाही, तेथे आपला मुलगा पाठवू नये. जाळी आपल्या जागी आणि हात पुढे, हे प्रत्येक पालकाने बाकांवरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. त्यासाठी खेळ कळण्याची गरज नाही.

साधनसामग्री चांगली होती. लाइनमनच्या सरावात ‘शूट’ म्हणून जो लोखंडी सांगाडा वापरतात, त्याला वर बुटके छत असते आणि खाली एकेका खेळाडूपुरते कप्पे असतात. पवित्रा घेऊन त्यातून पुढे निघायचे आणि छताला डोके न लावता बाहेर पडायचे. गुडघे सरळ झाले की हेल्मेट वरच्या लोखंडी नळीवर आदळते आणि खण्णकन आवाज होतो, त्यामुळे कोणाला काही सांगावे लागत नाही. अण्णांना हा सांगाडा इतका आवडला की मधल्या सुटीत ते जवळ जाऊन हात लावून आले. त्यांच्या तालमीचे दार असेच ठेंगणे होते, आत जाताना प्रत्येकाला वाकावेच लागे, असे त्यांनी नातवाला सांगितले. शूटमधून बाहेर पडल्यावर पुढे गवतावर लांब फळ्या अंथरल्या होत्या. दोन पायांमध्ये फळी ठेवून, समोरच्याला ढकलत, फळीवर पाय न पडू देता टोकापर्यंत जायचे. पाय जवळ आले की तोल गेला, आणि तोल गेला की जोर गेला. आमचा मुलगा पहिल्या दिवशी चार वेळा फळीवर अडखळला. तिसऱ्या दिवशी एकदाही नाही. त्याचे वजन तेव्हाही १७८ पौंडच होते.

दुसऱ्या दिवशीचा बराचसा वेळ धावण्याच्या खेळीतील अडथळ्यांना दिला गेला, आणि हा भाग मला सर्वांत विचारपूर्वक आखलेला वाटला. एकट्याने सरळ पुढे ढकलणे, शेजारच्या बाजूचा बचावपटू पाऊल आडवे टाकून गाठणे, आतल्या बाजूला तिरके जाऊन दाबणे, हे एकेक करून झाल्यावर दोघांनी मिळून एकाला हलवण्याचा सराव आला. ‘चार हात लाइनमनवर, चार डोळे लाइनबॅकरवर’ हे त्याचे सूत्र प्रशिक्षकांत प्रसिद्ध आहे; लाइनबॅकर म्हणजे बचावाच्या लाइनमागे उभा असलेला खेळाडू. गार्ड आणि टॅकल खुब्याला खुबा लावून एकत्र पुढे सरकतात. दोघांच्या मध्ये फट राहिली तर बचावपटू अंग तिरके करून त्या फटीतून निसटतो, म्हणून ती फट बंद ठेवणे हेच खरे कौशल्य असते. त्याच वेळी मागे उभा असलेला लाइनबॅकर ज्या अंगाने येईल, त्या अंगाच्या साथीदाराने पहिल्या बचावपटूला सोडून त्याला अडवायचे असते. केव्हा सोडायचे हे आधी ठरत नाही. ते दोघांनी एकाच क्षणी ओळखायचे असते. घाईने सोडले तर पहिला माणूस मोकळा होतो, उशिरा सोडले तर दुसरा. आमच्या मुलाबरोबर जो टॅकल होता त्याला त्याने आयुष्यात प्रथमच पाहिले होते, आणि तासाभरात दोघांची पावले जुळून आली, हे पाहताना मला खरोखर आनंद झाला.

गार्डने आपली जागा सोडून लाइनच्या मागून आडवे धावत जाण्याचा सराव थोडक्यात उरकला गेला, पण त्यासंबंधीची एक गोष्ट मुलांना सांगितली गेली ती चांगली होती. प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी यांच्या ग्रीन बे पॅकर्स संघाची १९६०च्या दशकातली सर्वांत गाजलेली खेळी म्हणजे गार्डांच्या अशाच आडव्या धावेवरची स्वीप, आणि ती उभी होती जेरी क्रेमर आणि फझी थर्स्टन या दोन गार्डांच्या पायांवर. स्वतः लोम्बार्डी महाविद्यालयात गार्ड होते. ज्यांच्या नावाचा करंडक सुपर बोल हा एनएफएलचा अंतिम सामना जिंकणाऱ्या संघाला मिळतो, ते मुळात लाइनमन होते, हे ऐकून बरीच मुले चकित झाली.

आता मुख्य उणीव. पास वाचवण्याच्या तंत्राला तीन दिवसांत मिळून जेमतेम चाळीस मिनिटे मिळाली. आजचा फुटबॉल, शालेय पातळीवरचासुद्धा, मोठ्या प्रमाणात पासवर चालतो, आणि पास वाचवणे हे धावण्याच्या अडथळ्यापेक्षा अवघड काम आहे, कारण त्यात माणूस मागे सरकत असताना जोर लावतो. बाहेरचा पाय मागे टाकून आतला पाय त्याच्यामागे ओढायचा, पाय एकमेकांवरून कधीही जाऊ द्यायचे नाहीत, खुबे खाली, पाठ ताठ, आणि समोरचा जवळ आला तरी त्याच्यावर झेपावायचे नाही, एवढे मुलांना सांगितले गेले. आतली बाजू आधी राखायची, कारण क्वार्टरबॅककडे जाणारी जवळची वाट तीच असते, हेही सांगितले. परंतु सांगणे आणि बसवणे यांत फार अंतर आहे. पवित्र्याला पन्नास मिनिटे देणाऱ्या माणसाने मागे सरकणाऱ्या पावलाला दहाच मिनिटे द्यावीत, हे मला पटले नाही. छातीवर सरळ जोर लावून येणाऱ्याला कसे थोपवायचे, म्हणजे खुबे पटकन खाली टाकून दोन्ही पाय पुन्हा जमिनीत कसे रोवायचे, हे तर एकदाच दाखवले गेले आणि कोणाकडूनही करून घेतले गेले नाही. टॅकलच्या जागी खेळणाऱ्या मुलांचे यात अधिक नुकसान झाले. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डाव्या टॅकलच्या भरवशावर असते; १९८५ साली बचावपटू लॉरेन्स टेलर यांच्या धडकेत क्वार्टरबॅक जो थाइसमन यांचा पाय मोडला आणि त्यांची कारकीर्द संपली, त्या प्रसंगाची आठवण आजही या जागेच्या महत्त्वाविषयी बोलताना काढली जाते. याच ओहायो राज्यात सिनसिनाटी बेंगल्सकडून तेरा हंगाम डावा टॅकल म्हणून खेळलेले अँथनी मुन्योझ हे या जागेचे सर्वांत मोठे उदाहरण मानले जातात. अशा राज्यात टॅकलची मुले पाय मागे कसा टाकावा हे न शिकता घरी जावीत, ही माझी पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार आहे.

बचावाच्या लाइनचा गट वेगळा होता आणि मी तो लांबूनच पाहिला, पण जेवढे पाहिले तेवढे चांगले वाटले. आवाजावर निघू नका, चेंडू हलला की निघा, यावर तेथे भर होता. क्वार्टरबॅकच्या आवाजाला फसून लवकर निघालेला बचावपटू आपल्या संघाचे पाच यार्ड गमावतो. बचावपटूंच्या जागांना आकडे देण्याची पद्धतही फळ्यावर समजावून सांगितली गेली: सेंटरच्या नेमक्या समोर शून्य, गार्डच्या समोर दोन, टॅकलच्या समोर चार, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर तीन आणि टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर पाच. टेक्सासमधील प्रशिक्षक बम फिलिप्स यांच्याकडे या पद्धतीचे श्रेय जाते. माझी पालकांना विनंती आहे की एवढे आकडे तरी पाठ करावेत, कारण ‘आज तीनवाला फार त्रास देत होता’ असे मुलगा गाडीत म्हणाला तर त्याचे दुःख आपल्याला समजू शकते. पुढे हात काखेखालून वर काढून निसटणे, हात डोक्यावरून पलीकडे टाकून निसटणे, एका हाताच्या तडाख्याने समोरच्याचा तोल बिघडवणे असे डाव शिकवले गेले. एनएफएलचे बचावपटू रेगी व्हाइट एका हाताने तीनशे पौंडांच्या टॅकलला उचलल्यासारखे बाजूला करत, त्याचे गुपितही प्रशिक्षकांनी उलगडले: ते आधी बाहेरून वेगाने येत, टॅकल घाईने बाहेर सरकला की त्याचा भार त्याच दिशेला जाई, आणि मग आतून मारलेला हात त्याच भाराचा उपयोग करून घेई. हे ऐकताना अण्णा नुसती मान डोलावत होते. समोरचा जिकडे कलतो तिकडेच त्याला पाडायचे, हे त्यांना नव्याने सांगण्याची गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशीचा शेवटचा सव्वा तास एकास एक झुंजींना दिला गेला, आणि माझी दुसरी तक्रार याविषयी आहे. लाइनमनच्या जगात समोरच्याला पाठीवर पाडण्याला पॅनकेक म्हणतात. ओहायोत या शब्दाला विशेष मान आहे, कारण सँडस्कीचे ऑर्लँडो पेस यांनी ओहायो स्टेट विद्यापीठाकडून खेळताना तो देशभर गाजवला. १९९६ साली त्यांना सर्वोत्तम लाइनमनसाठीचा आउटलँड करंडक मिळाला आणि एनएफएल संघांनी केलेल्या १९९७च्या खेळाडू-निवडीत ते पहिल्या क्रमांकावर गेले. त्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. परंतु पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये कोणी किती पॅनकेक केले याची मोजणी जाहीरपणे सुरू झाली, त्याक्षणी दोन दिवसांचे शिक्षण त्यांच्या अंगातून निघून गेले. पावले पुन्हा लांब पडू लागली, कोपरे फाकली, आमचा मुलगासुद्धा दोनदा झेपावला आणि दोन्ही वेळा तोंडावर पडला. मोजायचेच होते, तर दुसरे पाऊल टेकल्यावर हात लागले असे किती वेळा झाले हे मोजायला हवे होते.

उन्हाविषयी मला थोडे विस्ताराने लिहावे लागेल. पहिल्या दिवशी मैदानावर सावलीची सोय नव्हती आणि पाणी फक्त ठरलेल्या दोन सुट्यांत मिळत होते. लाइनमन मुले अंगाने मोठी असतात, त्यांच्या शरीरातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, आणि हेल्मेटमुळे ती आणखी कोंडते. ओहायोच्याच वॉरन गावचे, ओहायो स्टेटमध्ये घडलेले आणि मिनेसोटा व्हायकिंग्जचे टॅकल असलेले कोरी स्ट्रिंगर १ ऑगस्ट २००१ रोजी सरावातील उष्माघाताने गेले, तेव्हा ते अवघे २७ वर्षांचे होते. त्यांच्या नावाची संस्था कनेटिकट विद्यापीठात २०१०पासून याच विषयावर काम करते, आणि उष्माघात झालेल्याला आधी थंड पाण्यात बुडवून गार करा, मग रुग्णालयात न्या, हा तिचा आग्रह आता सर्वत्र मान्य झाला आहे. त्या दिवशी दुपारी आम्ही चार पालक मुख्य प्रशिक्षकांना भेटलो. दुसऱ्या दिवशी मंडप होता, प्रत्येक गटाजवळ पाण्याचे पिंप होते, हवे तेव्हा पाणी प्या असे सांगितले गेले, आणि कुंपणाजवळ बर्फाच्या पाण्याने भरलेले मोठे टप ठेवलेले होते. त्यांनी ऐकले याचे समाधान आहे. पण ही व्यवस्था पालकांच्या सांगण्यावाचून, पहिल्याच सकाळी असायला हवी होती.

हेल्मेटवर चढवायच्या मऊ आवरणाविषयीही असेच म्हणता येईल. एनएफएलने २०२२ साली सराव शिबिरांत लाइनमन, टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहणारा खेळाडू) आणि लाइनबॅकर यांना ते सक्तीचे केले. लाइनमनच्या डोक्याला मोठे धक्के कमी आणि लहान धक्के फार, असा प्रकार असल्यामुळे सरावातला प्रत्येक टाळलेला धक्का महत्त्वाचा असतो. या शिबिरात ते ऐच्छिक होते आणि जेमतेम दहा मुलांनी घातले होते. आम्ही आमच्या मुलासाठी स्वतः विकत घेऊन दिले होते, आणि त्याचा खेळात काही अडथळा झाला नाही असे तो सांगतो.

आहारावरचे अर्ध्या तासाचे व्याख्यान मात्र वाया गेले. वजन वाढवा, असा एकच संदेश होता, आणि गोमांस, अंडी व पावडरचे दूध यांपलीकडे त्यात काही नव्हते. आमच्या घरी मांस शिजत नाही. मुलाने हात वर करून पर्याय विचारला, तर उत्तर मिळाले की मग पावडर वाढव. पनीर, दही, हरभरे, सोयाबीन, शेंगदाणे यांवर बलदंड शरीरे घडलेली आमच्या अण्णांनी तालमीत पाहिली आहेत, आणि आज अमेरिकेत शाकाहारी घरांतून येणारी मुले अशा शिबिरांत वाढत आहेत. आहाराचा विषय घ्यायचा असेल तर तो आहारतज्ज्ञाकडून घ्यावा, असे मी पत्रात लिहिले आहे.

एकंदरीत, ज्या मुलाने शाळेत एक हंगाम खेळला आहे, ज्याला लाइनची भाषा थोडी कळते पण ज्याचे पाय आणि हात बसलेले नाहीत, अशा नववी-दहावीच्या मुलासाठी हे शिबिर उत्तम आहे, आणि मी त्याला पाचपैकी चार गुण देईन. अजिबात न खेळलेल्या मुलाला मी येथे पाठवणार नाही, कारण तिसऱ्या दिवशीच्या झुंजी त्याला झेपणार नाहीत. अकरावी-बारावीच्या, पास वाचवण्यात कच्च्या असलेल्या टॅकलनेही दुसरीकडे शोध घ्यावा. नाव नोंदवण्यापूर्वी चालकांना तीन प्रश्न जरूर विचारावेत: एका प्रशिक्षकामागे मुले किती, पास वाचवण्याला एकूण वेळ किती, आणि थंड पाण्याचे टप मैदानावर असतात का. येथे दहा मुलांमागे एक प्रशिक्षक होता, आणि त्याहून जास्त मुले एकाच्या हाती असतील तर टाचेखाली बोटे घालून पाहायला कोणालाच सवड मिळणार नाही. सोबत लांब खिळ्यांचे बूट, दातांचे दोन संरक्षक, कारण एक नक्की हरवतो, आणि चार लिटरचा पाण्याचा थर्मास द्यावा.

पुढच्या वर्षी आम्ही त्याला पुन्हा तेथेच पाठवणार आहोत, फक्त त्याआधी एका निवृत्त प्रशिक्षकांकडे पास वाचवण्याचे चार तास स्वतंत्रपणे घेतले जातील. सध्या रोज संध्याकाळी अंगणात खडूने मारलेल्या दोन रेघांवर त्याचा सराव चालतो. सांगलीला परतण्यापूर्वी अण्णांनी त्या रेघांमधले अंतर टेपने मोजून पाहिले होते. ते साडेसहा इंच भरले, म्हणून त्यांनी एक रेघ पुसून पुन्हा मारून घेतली.